बारगीर, शिलेदार, रिसालदार

इंग्रजींत लिहिलेला हिंदुस्थानच्या घोडदळाचा कोणताहि इतिहास उघडा, त्यांत ‘सिलादार’ हा शब्द पानोपानीं आढळतो. अमुक रेजिमेंट सिलादारी होतें, तमुक पद्धति सिलादारी होती, असें हे ग्रंथकार मोठ्या आपुलकीनें लिहितात. हा सिलादार म्हणजे आपल्याच घरचा शिलेदार. मूळ फारसी शब्दाचा अर्थ हत्यार बाळगणारा एवढाच. पण महाराष्ट्रांत त्याला नेमका आणि निराळा अर्थ चिकटला. स्वतःचें घोडें व स्वतःचें हत्यार घेऊन जो चाकरीस येतो तो शिलेदार, आणि सरकारी पागेंतलें घोडें ज्याच्या मांडीखालीं असतें तो बारगीर. एकट्यानें झुंजणाऱ्या मनुष्यास आपण अजूनहि ‘एकांडा शिलेदार’ म्हणतों. ‘एकांडा बारगीर’ असें कोणी म्हणत नाहीं. भाषेनें दिलेला हा मान पराक्रमाचा नसून घोड्याच्या मालकीचा आहे, असें वर्गांत सांगितलें कीं आमच्या विद्यार्थ्यांना नवल वाटतें.

सरदारांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ झाले. आमच्या मध्यमवर्गीय घरांत लष्कर म्हटलें कीं खडकवासल्याची प्रबोधिनी आणि तेथून बाहेर पडणारे अधिकारी एवढेंच डोळ्यांपुढें येतें. परंतु जो साधा स्वार म्हणून भरती झाला, तो कोणत्या पायऱ्यांनीं वर चढे आणि कोणत्या पायरीवर त्याची वाट खुंटे, याची चौकशी फारशी कोणी करीत नाहीं. सुमारें साडेतीनशें वर्षांच्या हकीकतीवरून आम्हांस असें दिसतें कीं, घोडें कोणाचें या एका प्रश्नावर स्वाराचें भवितव्य बहुतांशीं ठरत आलें. घोडें जाऊन रणगाडा आला तेव्हां हा प्रश्न मिटला, आणि मालमत्तेची जागा विद्येनें घेतली.

आरंभ शिवछत्रपतींच्या पागेपासून करणें सोयीचें, कारण तेथें ही शिडी कागदावर स्पष्ट मांडलेली सांपडते. कृष्णाजी अनंत सभासदानें 1697 मध्यें पुरी केलेल्या बखरींत ती दिली आहे. 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांचा एक जुमला, 10 जुमल्यांवर एक हजारी, 5 हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सर्वांच्या डोक्यावर सरनोबत. जुमलेदारास 500 होन, हजाऱ्यास 1,000 आणि पंचहजाऱ्यास 2,000 होन तैनात. दर 25 घोड्यांमागें एक नालबंद व एक पखालजी. या आंकड्यांकडे जरा थांबून पाहण्यासारखें आहे. जुमलेदाराचा हजारी झाला म्हणजे त्याच्या हाताखालचीं माणसें दहापट होत. तैनात मात्र दुप्पटच. बढती म्हणजे अधिकार आणि जबाबदारी; संपत्तीची लूट नव्हे, असाच या व्यवस्थेचा रोख दिसतो. शिवाय तैनात रोखीची. मुलूख तोडून देण्याची चाल महाराजांनीं होतां होईल तों टाळली, त्यामुळें हजाऱ्याच्या मुलाला हजारीपण आपोआप मिळण्याची सोय राहिली नाहीं. ती जागा पुन्हा मोकळी होई आणि खालच्या जुमलेदाराला वर पाहावयास कांहीं तरी उरे.

या व्यवस्थेंत शिलेदारहि होते. परंतु पागा बळकट ठेवावी आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतींत ठेवावें, असा कटाक्ष होता. कारण उघड आहे. सरकारी घोडें पडलें तर सरकार दुसरें देई. शिलेदाराचें घोडें पडलें म्हणजे त्याचें घर बसलें. ज्या मनुष्याची सारी पुंजी चार खुरांवर उभी आहे, तो ती पुंजी तोफेच्या तोंडीं देतांना दोनदां विचार करणार. त्यांत त्याच्या शौर्याचा प्रश्न नाहीं, पोटाचा आहे.

अठराव्या शतकांत हें पारडें फिरलें. सरंजाम आले, पथकें आलीं, मोहिमेच्या आधीं शिलेदारांना ‘नालबंदी’ म्हणून आगाऊ रक्कम देऊन बोलावण्याचा प्रघात पडला. राज्याचा विस्तार अटकेपर्यंत गेला, आणि एवढ्या विस्ताराला पुरेल अशी सरकारी पागा कोणत्याहि खजिन्याला झेपली नसती. याच काळांत साध्या स्वारांतून राज्यकर्तीं घराणीं निर्माण झालीं. होळ गांवचे मल्हारराव होळकर खानदेशांत मामाच्या पदरीं वाढले, त्याच्या लहानशा पथकांत स्वार म्हणून उभे राहिले, आणि 1766 मध्यें वारले तेव्हां माळव्याचे धनी होते. कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांविषयीं ते पेशव्यांचे जोडे सांभाळीत अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. या दोन उदाहरणांवरून ‘त्या काळीं कोणीहि उठावें आणि सरदार व्हावें’ असा एक गोड समज आपल्याकडे रूढ झाला. आम्हांस तो मान्य नाहीं. हीं उदाहरणें आपल्याला ठाऊक आहेत तीं तीं घराणीं राज्यावर आलीं म्हणूनच. ज्यांचें घोडें पहिल्याच मोहिमेंत मेलें, जे कर्ज काढून दुसरें घेऊं शकले नाहींत आणि गांवीं परत जाऊन नांगराला लागले, त्यांची बखर कोणी लिहिली नाहीं. शिवकालीन शिडीच्या पायऱ्या मोजतां येत होत्या. पेशवाईंत पायऱ्या थोड्या आणि उड्या फार, असें झालें. उडी साधली तर संस्थान. चुकली तर कांहींच नाहीं.

ही शिलेदारी इंग्रजांनीं उचलली ती मराठ्यांच्याच फौजांतून. जेम्स स्किनर हा स्कॉच बापाचा आणि रजपूत आईचा मुलगा. मिश्र जन्मामुळें कंपनीच्या फौजेंत त्याला अधिकाराची जागा मिळेना, म्हणून तो शिंद्यांच्या कवायती फौजेंत द बॉयन्यच्या हाताखालीं राहिला. 1803 मध्यें इंग्रज-मराठे युद्ध जुंपलें तेव्हां त्याची चाकरी सुटली. पुढें पेरॉनच्या फौजेंतले घोडेस्वार कंपनीकडे आले, आणि त्यांनींच स्किनर आपला नायक असावा अशी मागणी केली. तेंच स्किनर्स हॉर्स. 1809 मध्यें रिसाला उभारणारा गार्डनर हाहि एके काळीं होळकरांच्या पदरीं होता. आणि पूना हॉर्स तर सरळ 1817 च्या पुणें तहाचें अपत्य. त्याच्या खर्चाचा भार दुसऱ्या बाजीरावावर लादला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीरावाशीं लढाई जुंपली. ज्यानें पदरमोड करावी त्याच्यावरच चालून जाणारें असें सैन्य इतिहासांत क्वचितच सांपडेल.

1857 नंतर उत्तरेकडील घोडदळांत ही पद्धत सरसकट झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हिंदी घोडदळाचीं 39 रेजिमेंटें होतीं. त्यांतलीं मद्रासकडचीं 3 वगळतां बाकी सारीं सिलादारी. पद्धत अशी : भरती होणाऱ्या तरुणानें ठराविक रक्कम रेजिमेंटमध्यें भरावयाची, किंवा घोडेंच आणावयाचें. त्या जागेला ‘असामी’ म्हणत. (आपल्या मराठींत असामी म्हणजे माणूस, इसम. तेथें असामी म्हणजे माणूस, घोडें आणि नोकरी मिळून होणारी विकाऊ वस्तु.) नोकरी सोडतांना असामीचे पैसे परत मिळत. पायदळाच्या शिपायास कंपनीच्या अमदानींत दरमहा 7 रुपये मिळत, त्याच्या मानानें स्वाराचा पगार कितीतरी मोठा; पण त्यांतून घोड्याचें दाणावैरण, स्वतःचा पोशाख, आणि दोघां स्वारांत मिळून एक तट्टू अथवा खेंचर व एक मोतद्दार, एवढें सारें भागवावयाचें. घोडें मेलें तर दुसरें घेतां यावें म्हणून ‘चंदा फंड’ असे, त्यांत दरमहा वर्गणी कापली जाई. एखाद्या सहकारी पतपेढीसारखा हा संसार होता, आणि तिचे हिशेब पाहण्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांचा बराच वेळ जाई.

इंग्रज ग्रंथकार या पद्धतीवर फार लोभ करतात. स्वतःच्या घोड्यावर बसणारा, स्वाभिमानी, खाऊन-पिऊन सुखी शेतकऱ्याचा मुलगा म्हणजे खरा सैनिक, असें त्यांचें चित्र आहे. चित्र खोटें नाहीं, अपुरें आहे. ज्याच्या बापाजवळ असामीपुरते पैसे नसत तो बारगीर म्हणून दुसऱ्याच्या घोड्यावर बसे. हिंदी अधिकारी अनेक असाम्या बाळगीत आणि त्यांवर असे बारगीर चढवीत. उलटपक्षीं, एखाद्या बड्या घराण्यांतला तरुण स्वतःबरोबर घोडीं आणि माणसें घेऊन आला तर त्यास एकदम जमादाराची जागा मिळूं शके. म्हणजे शिडीची खालची अर्धी पायरी पैशानें ओलांडतां येई. ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्यानें स्वार, लान्स दफेदार, दफेदार, कोत-दफेदार असें एकेक पाऊल टाकीत, नशिबानें साथ दिली तर केस पांढरे होतांना जमादार व्हावें.

जमादाराच्या पुढें रिसाईदार, रिसालदार, आणि सर्वांवर रिसालदार-मेजर. रिसालदार-मेजराचा रुबाब मोठा. रेजिमेंटची खडान्खडा माहिती त्याला, कमांडिंग साहेब त्याचा सल्ला घेई, गांवीं त्याच्या शब्दाला कलेक्टरच्या कचेरींत वजन. पण येथें छत आडवें येई. तीस वर्षें घोड्यावर काढलेल्या या वृद्धाहून काल विलायतेहून आलेला विशीतला लेफ्टनंट वरचढ. व्हाइसरॉयच्या सनदेचा अधिकारी गोऱ्या सैनिकावर, मग तो साधा शिपाई कां असेना, हुकूम चालवूं शकत नसे. शिलेदारीचें अंग इंग्रजांनीं घेतलें, पण मल्हाररावांना जी उडी मारतां आली ती वाट त्यांनीं चांगली भिंत घालून बुजविली. त्यांतच लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळापासून ‘लढवय्या जातीं’चें शास्त्र बोकाळलें, आणि ज्या भूमीनें शिलेदार हा शब्द त्या अर्थानें घडविला, तेथील तरुणांना घोडदळाचा दरवाजा दिवसेंदिवस अरुंद होत गेला.

छताची उंची मोजावयाची तर गोविंदसिंगाचें उदाहरण घ्यावें. जोधपूर राज्यांतला हा तरुण 28 व्या लाइट कॅव्हलरींत लान्स दफेदार होता, आणि फ्रान्समध्यें गार्डनर्स हॉर्सकडे जोडलेला होता. 30 नोव्हेंबर 1917 च्या रात्रीं व दुसऱ्या दिवशीं, कांब्रेच्या लढाईंत, त्याचें रेजिमेंट शत्रूच्या माऱ्यांत अडकलें आणि ब्रिगेडकडे निरोप पोंचविण्याचा प्रश्न पडला. मधलें अंतर सुमारें दीड मैलाचें, उघडें, शत्रूच्या डोळ्यांसमोर. गोविंदसिंगानें तें तीन वेळां पार केलें. तिन्ही वेळां त्याचें घोडें गोळीनें पडलें आणि उरलेली वाट त्यानें पायीं काटली. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा मान हिंदी सैनिकांना 1911 पर्यंत खुलाच नव्हता. बढती मिळाली ती जमादारकीची. साम्राज्याचें सर्वोच्च शौर्यपदक छातीवर लावलेला मनुष्यहि छताच्या खालींच राहिला. ऑगस्ट 1917 मध्यें 9 हिंदी अधिकाऱ्यांना राजाची सनद मिळाली खरी, पण ते इंपीरियल कॅडेट कोअरमधून आलेले, बड्या घरचे तरुण. दफेदाराचा त्यांत संबंध नव्हता.

त्याच युद्धानें सिलादारीचा शेवट केला. फ्रान्सच्या चिखलांत मरणाऱ्या घोड्यांची भरपाई चंदा फंडांतून व्हावयाची ही कल्पनाच हास्यास्पद ठरली. सरकारला घोडीं पुरवावीं लागलीं, मोतद्दार आणि खेंचरें निरुपयोगी झालीं, आणि 1921 मध्यें ही पद्धत मोडीत निघाली. पाठोपाठ 39 रेजिमेंटांचीं 21 झालीं. शिलेदार संपला आणि सारेच पुन्हा बारगीर झाले. शिवकालीन पागेची युक्ति अडीचशें वर्षांनीं, आणि तीहि युरोपांतल्या खंदकांतून, फिरून परत आली.

असामी गेली तेव्हां भरतीला पैशाची अट उरली नाहीं. मग वर चढण्यासाठीं काय लागावें? याच सुमारास पलटणींच्या शाळांना महत्त्व आलें. रोमन लिपींतील उर्दू, हिशेब, नकाशा वाचणें, यांच्या परीक्षा आणि प्रमाणपत्रें बढतीशीं जोडलीं गेलीं. 1929 मध्यें बुंदेलखंडांत नौगांव येथें किचनेर कॉलेज निघालें. फौजेंतल्या निवडक तरुणांना अधिकाऱ्याच्या सनदेसाठीं तयार करावें हा त्याचा हेतु. 1932 मध्यें डेहराडूनची अकादमी उघडली तेव्हां पहिल्या 40 विद्यार्थ्यांत अशा तरुणांना जागा ठेवल्या होत्या. त्या पहिल्या वर्गांतला महंमद मूसा हा 1926 मध्यें हजारा पायोनियर पलटणींत साधा शिपाई म्हणून भरती झालेला. 1958 ते 1966 तो पाकिस्तानचा सरसेनापति होता. उदाहरण पायदळाचें आणि पुढें परक्या झालेल्या देशाचें, पण छताला पहिलें भगदाड पडलें तें येथें, म्हणून नोंदविलें.

1938 मध्यें सिंध हॉर्स आणि 13 वी लान्सर्स या दोन रेजिमेंटांचीं घोडीं काढून घेऊन त्यांना यंत्रवाहनें दिलीं. दोन-तीन वर्षांत बाकीच्यांची तीच गत झाली. 1 मे 1941 रोजीं चिलखती दल स्थापन झालें. नांवें तींच राहिलीं. रणगाड्यांत बसणारा अजूनहि ‘स्वार’च, त्याच्यावर ‘दफेदार’, आणि त्याच्यावर ‘रिसालदार’. शब्दांना इतका चिवटपणा कोठून येतो कोण जाणे! पण नांवाखालचें काम समूळ बदललें. घोडदळांत प्रत्येक स्वाराजवळ एक घोडें आणि एक भाला, सारे सारखे. रणगाड्यांत चौघे, आणि चौघांचें काम निरनिराळें : एक चालविणारा, एक तोफ रोखणारा, एक गोळा भरून बिनतारी यंत्र सांभाळणारा, आणि एक हुकूम देणारा. पहिलीं तीन कामें म्हणजे तीन विद्या. त्या शिकाव्या लागतात, त्यांच्या परीक्षा असतात, परीक्षेप्रमाणें पगार वाढतो. आणि ज्याला आपल्याखेरीज इतरांचीहि कामें येतात तोच चौथ्या जागेवर, म्हणजे कमांडरच्या जागीं, बसण्याच्या लायकीचा होतो. अश्वपरीक्षा सातपिढ्यांच्या शेतकऱ्याला घरबसल्या येई; इंजिनाची परीक्षा कोणाच्याच घरीं शिकविली जात नव्हती. त्यामुळें जमीनदाराचा मुलगा आणि कुळाचा मुलगा प्रथमच एका रेषेवर उभे राहिले.

या विद्येचें पीठ महाराष्ट्रांत आहे ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांना माहीत नसते. 1948 मध्यें अहमदनगर येथें चिलखती दलाचें केंद्र आणि विद्यालय एकत्र आलें, आणि नवा रंगरूट तेथेंच रणगाड्याचें पहिलें दर्शन घेतो. 2024 पासून त्या शहराचें नांव अहिल्यानगर आहे. अहिल्याबाई जवळच्याच चौंडीच्या, आणि मल्हाररावांची सून. मामाच्या पथकांतल्या त्या स्वाराची एवढी आठवण त्या गांवाच्या नांवांत आतां आडून कां होईना येऊन बसली आहे.

स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉयची सनद जाऊन ‘कनिष्ठ सनदी अधिकारी’ हें नांव आलें, 1965 मध्यें जमादाराचा नायब रिसालदार झाला. सनद राष्ट्रपतींची झाली आणि गोऱ्याकाळ्याचा भेद गेला. पण रिसालदार-मेजर आणि तरुण लेफ्टनंट यांच्यामधली रेषा मात्र राहिली. लष्कराला ती लागतेच, असें सांगतात, आणि आम्ही त्या शास्त्रांतले नव्हे. फरक पडला तो असा कीं, ती रेषा ओलांडण्याच्या रीतसर वाटा झाल्या, आणि रेषेखालच्या कर्तृत्वाला सार्वजनिक मान मिळूं लागला. राजस्थानांतील झुंझुनूंचे अयूब खान हे 18 व्या कॅव्हलरींत नायब रिसालदार होते. सप्टेंबर 1965 मध्यें सियालकोट आघाडीवर त्यांनीं शत्रूचे रणगाडे फोडले आणि वीरचक्र मिळविलें. ते मानद कॅप्टन होऊन निवृत्त झाले, 1984 व 1991 मध्यें लोकसभेवर निवडून आले, आणि पुढें केंद्रांत राज्यमंत्री झाले. गोविंदसिंगाच्या शेजारीं हें चरित्र ठेवून वाचावें.

तथापि सन्मानाच्या वांटपांत जुनी खोड अजून दिसते. 16 डिसेंबर 1971 रोजीं बसंतरच्या लढाईंत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनीं जळत्या रणगाड्यांतून लढत प्राण दिला, आणि परमवीरचक्राचे ते मानकरी झाले. ‘फामागुस्ता’ हें त्यांच्या रणगाड्याचें नांवहि शाळेंतल्या मुलांना येतें. त्या रणगाड्यांत आणखी तिघे होते. चालक स्वार प्रयागसिंग, तोफ चालविणारे स्वार नाथूसिंग, आणि बिनतारी यंत्रावरचे स्वार नंदसिंग. नंदसिंग त्याच रणगाड्यांत पडले. खेत्रपालांचें तेज यानें उणें होत नाहीं. पण तोफ रोखली होती नाथूसिंगांनीं, हें आपण मुलांना सांगावयास हरकत नसावी.

रीतसर वाट म्हणजे मुख्यतः आर्मी कॅडेट कॉलेजची. नौगांवच्या किचनेर कॉलेजचाच हा वारसा. 1960 मध्यें तें या नांवानें पुण्यांत सुरू झालें, आणि 1977 मध्यें डेहराडूनला जाऊन अकादमीचें अंग बनलें. स्वार अथवा दफेदार परीक्षा आणि निवड यांतून पार पडला तर तेथें तीन वर्षें शिकून पदवी घेतो, नंतर अकादमींत जातो आणि अधिकारी होऊन बाहेर पडतो. ज्याला हें साधत नाहीं त्याचें गणित कडक आहे. नोकरीची मुदत हुद्द्याला बांधलेली असते. वेळेवर बढती न मिळाली तर ऐन चाळिशीच्या आसपास, मुलें शाळेंत असतांना, घरीं परतावें लागतें. आणि जागा मोजक्याच. रेजिमेंटमध्यें रणगाडे 45. त्यांत नव्या रशियन बनावटीच्या रणगाड्यांत गोळा भरण्याचें काम यंत्र करतें, म्हणून चौघांचे तिघे झाले. गोळे भरतां भरतां डोळ्यांनीं तोफ शिकून घेणाऱ्या नवशिक्याची ती जुनी जागा त्याबरोबर गेली. कांहीं दलांत घोडीं उरलीं आहेत तीं 61 व्या कॅव्हलरींत. 1953 मध्यें संस्थानी रिसाल्यांतून ती उभी राहिली, आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरचे स्वार त्यांत आले.

जून 2022 मध्यें सरकारनें अग्निपथ योजना जाहीर केली. तिच्यांत भरती चार वर्षांसाठीं, आणि त्यानंतर जास्तींत जास्त 25 टक्क्यांनाच कायम करावयाचें, असें ठरलें. हिच्या युक्तायुक्ततेची चर्चा पुष्कळ झाली. ती पेन्शनच्या आणि बेकारीच्या अंगानें झाली. आमच्या विषयाच्या अंगानें एवढेंच विचारावेंसें वाटतें. रणगाड्यांतल्या तीन विद्या अंगीं मुरावयास आणि त्यांतून दफेदार घडावयास किती वर्षें लागतात, तें अहिल्यानगरचे उस्ताद सांगूं शकतील. पहिलीं चार वर्षें म्हणजे पूर्वीं स्वाराच्या शिडीची पहिली पायरीहि नसे. आतां त्या चार वर्षांच्या अखेरीस निवड होणार आणि चौघांतले तिघे घरीं परतणार. परतणाऱ्या तिघांजवळ एके काळच्या शिलेदाराप्रमाणें विकावयाला असामी नाहीं. चार वर्षांच्या अखेरीस हातीं पडणारी रक्कम आणि बोटांत उतरलेली विद्या एवढीच त्यांची शिदोरी.